होडीला उलांडी: कलंडणारी होडी सावरते कशी

या अंकात जरा वेगळा विषय घेतलाय. होडीचा. लातूरला पाणी पाजायला २०१६ साली मिरजेहून रेल्वे आली होती, हे आपण कुणीच विसरलेलो नाही. मग आपल्याला होडीचं काय, असं कुणी म्हणेल. पण पाऊस बरा झाला की तावरजा, तिरू, देवर्जन, साकोळ, घरणी, मसलगा ही धरणं भरतात. नांदेडकडे विष्णुपुरीचं पाणी गोदावरीत लांबपर्यंत तुंबतं, मानार नदीवर बारूळ आणि लिंबोटी आहेत. या पाण्यावर भोई समाजाची आणि इतरही घरं मासेमारीवर चालतात. काही गट गावतलाव ठेक्याने घेऊन त्यात मत्स्यबीज सोडतात. बीज सोडायला, खाद्य टाकायला, जाळं लावायला आणि काढायला पाण्यात जावं लागतं. आता त्यात बायकाही जायला लागल्यात.

आणि आपल्याकडे पाण्यात जायचं साधन काय, तर थर्माकोलचा चप्पू, ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब, नाहीतर पत्र्याची किंवा फायबरची अरुंद होडी. पूर आला की गुऱ्हाळाची काहीलसुद्धा पाण्यात उतरते. यातलं काहीही कलंडायला फार काही लागत नाही. जाळं जड लागलं म्हणून दोघी एकाच काठाला वाकल्या, तेवढंसुद्धा पुरतं. त्यात अंगावर साडी असते. भिजलेली साडी पायात गुंडाळली की पोहणारीलाही पाय मारता येत नाही.

कोकणात या दुखण्यावर जुना उपाय आहे. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर आणि पुढे गोव्यात लहान होड्या नीट बघा. होडीच्या एका अंगाला, चार-सहा फूट लांब, पाण्यावर एक लांबट लाकूड तरंगत असतं. दोन आडव्या दांड्यांनी ते होडीला बांधलेलं असतं. त्याला म्हणतात उलांडी. जुन्या होड्या आंब्याचं खोड कोरून केलेल्या असायच्या, म्हणजे अरुंद आणि तळाला गोल. अशी होडी पाणी कापत भराभर जाते, पण नुसती सोडली तर लोळते. उलांडीमुळे ती समुद्राच्या लाटेतही उभी राहते. आता फायबरच्या होड्या आल्या, तरी लहान होडीची उलांडी काही गेली नाही.

ही युक्ती एकट्या कोकणाची नाही. श्रीलंकेत अशाच होडीला ओरुवा म्हणतात. फिलिपिन्समध्ये दोन्ही बाजूंना उलांडी असलेल्या होड्या आहेत, त्यांना बांका म्हणतात. फार पूर्वी आग्नेय आशियातल्या बेटांवरची माणसं आणि त्यांचे वंशज उलांडीच्या होड्यांतून एकीकडे मादागास्करपर्यंत आणि दुसरीकडे हवाई बेटांपर्यंत गेली. नकाशा काढून बघा, अंतर बघून डोळे फिरतील. त्या होड्यांत खिळा नव्हता, सगळं दोरीने बांधलेलं होतं.

आता ही उलांडी काम कशी करते ते बघू. यासाठी बैठकीत एक प्रयोग करा. एक मोठं घमेलं किंवा टब पाण्याने भरा. पाण्याची एक रिकामी बाटली झाकण घट्ट लावून त्यात आडवी ठेवा आणि तिच्यावर एक बारका खडा ठेवायचा प्रयत्न करा. बाटली लगेच गरकन फिरेल आणि खडा पाण्यात जाईल. आता दुसरी, लहान बाटली घ्या. खराट्याच्या दोन जाड काड्या आडव्या ठेवून ती पहिलीपासून वीतभर लांब दोऱ्याने बांधा. पुन्हा खडा ठेवा. बाटली फिरत नाही. पाणी तेच, खडाही तोच.

झालं काय? होडी उलांडीच्या बाजूला कलायला लागली की उलांडी पाण्यात दबते. पाण्यात दाबलेली वस्तू पाणी वर ढकलतं, रिकामी घागर विहिरीत उलटी दाबून बघितली असेल तर हा जोर तुमच्या हाताला माहीत आहे. होडी विरुद्ध बाजूला कलायला लागली तर उलांडीला पाण्यातून वर उचलावं लागतं, आणि तिचं वजन होडीला परत खाली खेचतं. म्हणजे एकीकडे पाण्याचा जोर कामाला येतो, दुसरीकडे लाकडाचं वजन. हे दोन वेगळे जोर आहेत, हे पक्कं लक्षात ठेवा. पुढे सगळा घोळ इथेच होतो.

तिसरी गोष्ट अंतराची. जुनी तागडी आठवा. दांडी जितकी लांब, तितकं टोकाचं लहान वजनही भारी पडतं. उलांडी होडीपासून जितकी लांब, तितका तिचा जोर जास्त. हिशेब सोपा आहे: वजन गुणिले अंतर.

खराखुरा आकडा घालून बघू. आपल्याकडे शेताच्या पाइपलाइनचा चार इंची, म्हणजे ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घरोघरी पडलेला असतो. त्याचा १० फुटी तुकडा दोन्हीकडून बूच लावून बंद केला तर त्याच्या आत-बाहेर मिळून साधारण २८ लिटर जागा होते. पूर्ण दाबला तर पाणी त्याला २८ किलोने वर ढकलणार. पाइपाचं स्वतःचं वजन पाच किलो धरलं तर हाताशी उरले २३ किलो. हा पाइप होडीच्या मध्यापासून ५ फुटांवर बांधला, तर जोर झाला २३ गुणिले ५, म्हणजे ११५.

आता होडीत ५०-५० किलोच्या दोघी आहेत. दोघी मध्यापासून फूटभर उलांडीच्या बाजूला सरकल्या. ५० गुणिले १, दोघींचे मिळून १००. अजून होडी सावरते. तेवढ्यात त्यांनी १५ किलोचं जाळं दीड फुटावर, काठावर ओढून घेतलं. त्याचे साडेबावीस. एकूण झाले १२२.५. पाइप आता पुरता पाण्याखाली गेला आणि त्याच्याकडे देण्यासारखं काही उरलं नाही. होडी स्वतः थोडीफार सावरते, तो भाग वेगळा, पण त्याच्या भरवशावर जायचं नाही. म्हणून एक चार इंची पाइप पुरत नाही. दोन पाइप एकत्र बांधा किंवा सहा इंची, म्हणजे १६० मिलिमीटरचा घ्या. सहा इंची पाइपाच्या १० फुटांत साधारण ६० लिटर जागा होते, चार इंचीच्या दुपटीहून जास्त.

हे झालं उलांडीच्या बाजूचं. आता दुसरी बाजू बघा. तिकडे कललं तर पाण्याचा जोर कामाचा नाही, तिथे लागतं वजन. आपल्या पाइपाचं वजन पाच किलो, गुणिले ५ फूट, झाले २५. आडव्या दोन बांबूंचे मिळून सहा किलो, ते सरासरी अडीच फुटांवर, त्याचे १५. एकूण ४०. आणि एकटी ५० किलोची बाई त्या बाजूला फूटभर वाकली की ५० होतात. पाइप अलगद हवेत उचलला जातो. म्हणजे हलका, पोकळ पाइप लावून आपण समजतो होडी दोन्हीकडून पक्की झाली, पण ती झाली एकाच बाजूने. सहा इंची पाइप थोडा जड असतो, पण एवढ्याने फरक मिटत नाही. नुसती नक्कल करणाऱ्याला इथेच पाणी दिसतं.

कोकणातली उलांडी भरीव लाकडाची का असते, हे आता कळेल. समजा ४० किलोचं असं लाकूड आहे, जे पाण्यात सोडलं की बरोबर निम्मं बुडतं आणि निम्मं वर राहतं. त्याला पूर्ण दाबायला अजून ४० किलो लागतात आणि पूर्ण उचलायलाही ४० किलोच लागतात. ५ फुटांवर दोन्ही बाजूंना २००-२००. ना पंप, ना यंत्र, आणि किती सरळ हिशेब! लाकूड निवडायची कसोटीही हीच: हौदात किंवा तळ्याच्या काठाला सोडून बघा, निम्मं बुडालं तर चांगलं. पाव भागच बुडालं तर ते दाबायला भारी पण उचलायला हलकं. तीन भाग बुडालं तर उलटं.

आपल्याकडे हलक्या लाकडात पांगारा आणि काटेसावर मिळते. वाळलेलं खोड मिळालं तर बघायला हरकत नाही, पण दोन्ही लाकडं पाणी लवकर पितात आणि कुजतात. डांबराचे दोन-तीन हात द्यायचे आणि काम नसेल तेव्हा उलांडी सोडून काठावर वाळत ठेवायची. आंब्याचं लाकूड जास्त टिकतं, पण ते जड, निम्म्याहून जास्त बुडतं. पाणी पिऊन लाकूड जड होत जातं, म्हणून दर हंगामाला ते किती बुडतं हे पुन्हा बघायला हवं.

ज्यांना लाकूड जमणार नाही त्यांनी पाइपच लावावा, पण दोन्ही बाजूंना. आपल्या धरणाच्या आणि तलावाच्या पाण्याला समुद्रासारखी लाट नसते, त्यामुळे दोन्हीकडच्या उलांड्या आपल्याकडे चालतील असं मला वाटतं. अडचण एकच, जाळं ओढायला मोकळा काठ उरत नाही. त्यावर उपाय असा की उलांड्या मध्यापासून थोड्या मागे बांधायच्या आणि जाळं होडीच्या पुढच्या टोकावरून घ्यायचं. एकच उलांडी असेल तर कोकणातले लोक जाळं मोकळ्या बाजूने ओढतात. तिथे लाकूड भरीव असतं म्हणून ते चालतं. पाइपाच्या भरवशावर तसं करू नका.

पाइप बंद करताना बूच नुसतं ठोकायचं नाही, सोल्युशन लावून बसवायचं आणि रात्रभर वाळू द्यायचं. मग पंक्चरवाला ट्यूब बघतो तसं पाण्यात दाबून बघायचं. बुडबुडा आला तर गळती आहे. आणखी एक पक्कं काम करून ठेवा. बूच बसवण्याआधी पाइपात झाकण लावलेल्या रिकाम्या बाटल्या सरकवा. पुढे कधी खडकाला घासून पाइप फुटला तरी बाटल्यांमुळे तो तरंगत राहील. पुढच्या टोकाला पंचेचाळीस अंशाचा बेंड वर तोंड करून लावला आणि त्यावर बूच बसवलं तर उलांडी जलपर्णीत घुसण्याऐवजी तिच्यावर चढते.

बांधणीसाठी दोन जाड, वाळलेले, न चिरलेले बांबू घ्या. बांबूला भोक पाडू नका, खिळा ठोकू नका. भोकापासूनच बांबू चिरतो आणि तो चिरतो नेमका पाण्यात, जोर आल्यावर. एक बांबू होडीच्या मध्याच्या पुढे, एक मागे, दोन्ही काठांवर आडवे टेकवून दोन्हीकडे बांधायचे. वल्हं मारणारीला मध्ये जागा राहिली पाहिजे. बांधायला काय वापरायचं? कोकणात काथ्याची दोरी असायची. आपल्याकडे नायलॉनची मिळते, पण ती ओली झाली की थोडी ताणते आणि गाठ सैल पडते. त्यापेक्षा ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापा आणि ताणून ताणून फुलीचे वेढे घ्या. रबर स्वतःच आवळून धरतं आणि धक्का बसला तर थोडं देतं. सगळं घट्ट बोल्टने आवळलं तर तो धक्का कुठेतरी मोड करूनच निघतो. उन्हाने रबर कडक होऊन चिरतं, म्हणून हंगामाला पट्ट्या बदलायच्या.

उंची ठरवायची ती रिकाम्या होडीवर नाही. ज्या दोघी जाणार त्या, त्यांचं जाळं, डबा, पाण्याची कॅन असं सगळं होडीत ठेवून काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात होडी तरंगत ठेवा आणि मग तिसरीने उलांडी बांधावी. होडी सरळ असताना लाकूड निम्मं बुडालेलं हवं. पाइप असेल तर जेमतेम पाव बुडालेला पुरे. उंच बांधली तर होडी आधी कलते आणि मग उलांडी पाण्याला टेकते, तोवर माणूस घाबरून उभं राहिलेलं असतं. खोल बांधली तर होडी कायम दुसऱ्या अंगाला झुकते आणि ओढायला जड जाते. उलांडी होडीला समांतर आहे ना, हे पुढून आणि मागून दोरीने मोजा. तिरकी असेल तर होडी सारखी एका बाजूला वळत राहील. नीट बांधली तरी एकच उलांडी असेल तर होडी तिच्याकडे थोडी ओढ घेते, म्हणून त्या बाजूने वल्ह्याचे दोन हात जास्त मारायचे. उलांडीची लांबी होडीच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत असली की पुरते.

मग धरणात नेण्याआधी काठाजवळच परीक्षा घ्या. कमरेएवढ्या पाण्यात दोघी मुद्दाम एका काठाला सरका, मग दुसऱ्या. उलांडी कुठे बुडते, कुठे उचलली जाते ते डोळ्यांनी बघा. होडी उलटलीच तर भिजण्यापलीकडे काही होणार नाही, आणि आपली हद्द कळेल.

आपल्या पाण्याच्या काही खोडी कोकणात नाहीत. धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं आणि बुडालेल्या बाभळी वर येतात. उलांडीचा बांबू त्या फांद्यांत अडकतो. जलपर्णी आणि बेशरमीच्या जाळीत उलांडीची होडी घुसवू नये, ती पुढेही जात नाही आणि वळतही नाही. विष्णुपुरीसारख्या बंधाऱ्याचे दरवाजे उघडले की पाण्याला ओढ लागते, त्या दिवशी होडी काढायचीच नाही, कितीही उलांड्या असू द्या. वळवाचा वारा सुटला की लगेच काठ गाठायचा. आणि उलांडीची होडी एकदा पूर्ण पालथी झाली तर ती सरळ करणं साध्या होडीपेक्षा अवघड असतं, कारण उलांडी आता तिला पालथीच धरून ठेवते. तेव्हा तिच्यावर चढण्याच्या भानगडीत न पडता बांबूला धरून राहायचं आणि हाका मारायच्या. लाइफ जॅकेट अंगात असेल तरच हे धरून राहणं जमतं. गाठीत बांधून ठेवलेलं जॅकेट काही कामाचं नाही. साडीऐवजी पंजाबी ड्रेस किंवा कासोटा बरा.

थर्माकोलच्या चप्पूला उलांडी लावायची का, असं कुणी विचारेल. नको. तो मुळात रुंद असतो, त्याचं दुखणं वेगळं, तो मधोमध मोडतो. काहिलीला तर बांबू बांधायला धड काठही नाही. ती गोल, एकाच जागी गरगर फिरते. पोरांना तिच्यात बसवून नदीपलीकडे शाळेत पाठवणं चालू असेल तर ग्रामसभेत विषय घेऊन पुलाची मागणी लेखी द्या. तिथे उलांडीची युक्ती चालणार नाही. परवानगीशिवाय माणसांची वाहतूक कुठल्याच होडीतून करायची नाही.

बायकांनी वल्हं हातात घेण्याचं म्हणाल, तर वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका २०१७ पासून स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन, म्हणजे खाऱ्या पाण्यातलं जंगल, दाखवतात. त्या किनाऱ्यावरच्या, पाण्यात वाढलेल्या. आपल्यातल्या बऱ्याच जणींना पोहता येत नाही, म्हणून आपली सुरुवात काठाजवळ आणि गुडघाभर पाण्यात होईल, त्यात लाज कसली.

होडी आणि जाळ्यासाठी पैसा लागतो. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली, तिच्यात महिला लाभार्थींना ठरवलेल्या खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. पारंपरिक मच्छीमारांसाठी होडी-जाळ्याचाही त्यात समावेश आहे. सध्या अर्ज चालू आहेत का, तुमच्या तलावाला काय लागू होतं, हे जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात जाऊन विचारा. जाताना गटाचा ठराव, बँक पासबुक आणि तलावाच्या ठेक्याचा किंवा मत्स्य सहकारी संस्थेच्या सभासदत्वाचा कागद सोबत ठेवा. पाइप, बूच, बेंड, सोल्युशन, बांबू आणि जुनी ट्यूब एवढंच लागतं, त्यामुळे उलांडीसाठी वेगळं कर्ज काढायची गरज नाही. गटाच्या अंतर्गत कर्जातून भागेल, आणि पाइप तर बहुतेक कुणाच्या तरी बांधावर पडलेला सापडेल. फक्त उन्हात वर्षानुवर्षं तापून ठिसूळ झालेला घेऊ नका. दगडाने हलकं ठोकून बघा, टणटण आवाज आला तर ठीक, तडा गेला तर तो भंगारात द्या.